स्नायूंची सोनोग्राफी: पांढरा दिसणारा स्नायू खरंच आजारी आहे का, हे ठरवण्याची क्रमवार पद्धत

स्नायूंच्या सोनोग्राफीचे अहवाल चुकतात ते बहुतेक वेळा चित्र वाचताना नव्हे, तर चित्र काढताना. गेन (परतलेल्या लहरी यंत्र किती वाढवून दाखवते ती पातळी) दोन पायऱ्या वाढला की निरोगी स्नायू पांढरा दिसतो. प्रोब (त्वचेवर टेकवायचा यंत्राचा भाग) थोडा कलला की आजारी स्नायू काळा दिसतो. हात जड पडला की जाडी कमी भरते आणि अहवालात ‘स्नायू सुकलेला’ असे लिहिले जाते. पुढे त्या एका वाक्यावर लहान मुलाची बायोप्सी ठरते किंवा टळते. म्हणून या लेखात चित्र वाचण्यापेक्षा ते काढण्याच्या क्रमाला जास्त जागा दिली आहे.

एवढे लक्षात ठेवून सुरुवात करा: निरोगी स्नायू काळपट दिसतो, कारण त्याच्या तंतूंमध्ये ध्वनिलहरी परतवणाऱ्या जागा थोड्या असतात. आडव्या छेदात त्या काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे ठिपके विखुरलेले दिसतात, उभ्या छेदात पिसासारख्या तिरप्या रेघा. तंतू मरून त्यांच्या जागी चरबी आणि तंतुमय ऊती भरली, की लहरी परतवणारे असंख्य पृष्ठभाग तयार होतात आणि स्नायू पांढरा होतो. मात्र वयामुळे, लठ्ठपणामुळे आणि यंत्राच्या मांडणीमुळेही स्नायू पांढरा दिसतो. आजाराचा पांढरेपणा यांतून वेगळा काढणे, हेच सगळे काम.

## टप्पा १: यंत्र, प्रोब आणि नोंदणी

लिनिअर प्रोब घ्या. मोठ्या माणसाच्या दंड-मांडीसाठी साधारण ५ ते १२ मेगाहर्ट्झचा पट्टा चालतो. पुढच्या हाताचे स्नायू आणि बाळांसाठी १५ मेगाहर्ट्झ किंवा त्याहून वरचा प्रोब मिळाला तर उत्तम. फ्रिक्वेन्सी वाढते तशी बारकाई वाढते, पण लहरी खोलवर पोहोचत नाहीत. जाड मांडीत खोलचा भाग दिसेना, तर गेन वाढवण्याआधी फ्रिक्वेन्सी खाली आणा.

भारतात यंत्र फक्त स्नायूंसाठी वापरायचे असले, तरी त्याला १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा (गर्भलिंगनिदानाला मनाई करणारा) लागू होतो. हातात मावणारे, मोबाइलला जोडायचे यंत्रही यातून सुटत नाही. जागा, यंत्र आणि ते वापरणारी व्यक्ती, तिन्हींची नोंद समुचित प्राधिकाऱ्याकडे असावी लागते. महाराष्ट्रात जिल्ह्यात हे काम जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि महापालिका हद्दीत पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे असते. मेंदूविकारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट इथे वारंवार अडचणीत येतात. ‘आम्ही पोट तपासतच नाही’ हा बचाव कायद्यात बसत नाही. यंत्राची मागणी नोंदवण्याआधी आपली पात्रता आणि नोंदणी दोन्ही तपासून घ्या.

## टप्पा २: यंत्राची मांडणी एकदाच ठरवा आणि कुलूपबंद करा

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यात होतात.

पोटाच्या किंवा गळ्याच्या तपासणीत चित्र ‘छान’ दिसावे म्हणून आपण दर रुग्णाला गेन, फोकस, डेप्थ हलवत राहतो. स्नायूंच्या तपासणीत ही सवय घातक आहे. इथे पांढरेपणा हेच मोजमाप आहे, आणि गेन हलवणे म्हणजे मोजपट्टीच ताणणे.

१. यंत्रातला स्नायू-सांध्यांचा प्रीसेट (आधीच साठवलेली मांडणी) उघडा.
२. टीजीसीचे (खोलीनुसार उजळपणा कमी-जास्त करणारे) सगळे सरकते खटके मध्यावर आणा.
३. गेन असा ठरवा की निरोगी तरुण माणसाचा बायसेप्स काळपट दिसेल, आणि त्याखालची दंडाच्या हाडाची रेषा ठसठशीत पांढरी दिसेल.
४. डेप्थ हातासाठी ४ सेंटीमीटर आणि मांडी-पोटरीसाठी ६ सेंटीमीटर ठेवा. लठ्ठ माणसात वाढवावी लागली, तर अहवालात तसे लिहा.
५. डायनॅमिक रेंज, फोकसची जागा, कंपाउंड इमेजिंग आणि हार्मोनिक चालू की बंद, अशा चित्राचा उजळपणा आणि पोत बदलणाऱ्या सगळ्या सोयी ठरवून टाका. चालू ठेवले तर कायम चालू, बंद तर कायम बंद.
६. चित्र आपोआप उजळवणारे बटण वापरू नका.
७. ही मांडणी ‘स्नायू – हात’ आणि ‘स्नायू – पाय’ अशा दोन नावांनी साठवा आणि दर तपासणी तिथूनच सुरू करा.

सावधान: कंपनीने सॉफ्टवेअर अपडेट केले किंवा प्रोब बदलला, तर जुन्या आणि नव्या चित्रांचे आकडे एकमेकांशी जुळतील असे गृहीत धरू नका. अपडेटच्या आधी आणि नंतर त्याच निरोगी व्यक्तीचा तोच स्नायू तपासून फरक बघा.

## टप्पा ३: रुग्णाची तयारी

आदल्या दोन-तीन दिवसांत जोरदार व्यायाम झाला आहे का, ते विचारा. ताज्या व्यायामाने स्नायू फुगतो आणि थोडा पांढराही दिसतो. त्याच स्नायूत इंजेक्शन किंवा ईएमजीची (स्नायूतली विद्युत हालचाल तपासणाऱ्या चाचणीची) सुई टोचली असेल, तर तिथे रक्त साकळून डाग दिसू शकतो. म्हणून एकाच दिवशी दोन्ही चाचण्या असतील, तर सोनोग्राफी आधी आणि ईएमजी नंतर. हा क्रम उलटू नका.

रुग्णाला उताणे झोपवा आणि पाच-दहा मिनिटे शांत पडू द्या. हात शरीरालगत, तळवे वर. गुडघे सरळ, पायाखाली उशी नको. स्नायू आखडला की तो जाड होतो आणि त्याचा पांढरेपणा कमी होतो. बोलत राहणारा, मान उचलून स्क्रीनकडे बघणारा रुग्ण मांडीचा स्नायू नकळत ताठ करतो.

लहान मुलांसाठी जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवा. थंड जेल लागताच मूल पाय आखडते. झोपायला तयार नसेल, तर आईच्या मांडीवर बसवून तपासा, पण तशी नोंद करा आणि पुढच्या भेटीतही तीच स्थिती ठेवा. भूल लागत नाही, मूल हलले तर चित्र पुन्हा घेता येते. लहान मुलांत एमआरआयच्या आधी ही तपासणी करायची ती यासाठी.

## टप्पा ४: जागा टेपने मोजा, पेनने खूण करा

‘दंडाच्या मध्यावर’ ही जागा नव्हे. एकाच स्नायूत वरचा भाग चांगला आणि खालचा खराब असू शकतो. या मापांनी खुणा करा:

- बायसेप्स: खांद्याच्या टोकावरच्या हाडापासून कोपराच्या घडीपर्यंतच्या अंतराचा दोन-तृतीयांश भाग, वरून मोजून.
- पुढच्या हाताचे फ्लेक्सर (मनगट आणि बोटे वाकवणारे स्नायू): कोपराच्या घडीपासून मनगटाजवळच्या रेडिअसच्या टोकापर्यंतच्या अंतराचा दोन-पंचमांश भाग.
- रेक्टस फिमोरिस आणि त्याखालचा व्हॅस्टस इंटरमीडिअस (मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू): कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि गुडघ्याच्या वाटीची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर.
- टिबिआलिस अँटिरिअर (नडगीच्या पुढचा, पाऊल वर उचलणारा स्नायू): वाटीच्या खालच्या कडेपासून बाहेरच्या घोट्यापर्यंतच्या अंतराचा एक-चतुर्थांश भाग.

पहिल्या तपासणीसाठी हे चार स्नायू दोन्ही बाजूंना पुरेसे आहेत. त्यात पोटरी जोडा. पुढे काय बघायचे ते लक्षणांवरून ठरवा: खांदे वर उचलत नसतील तर ट्रॅपिझिअस आणि डेल्टॉइड, बसून उठता येत नसेल तर मांडीची मागची बाजू आणि अ‍ॅडक्टर (मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू).

तपासून पाहा: मापाचा आकडा सेंटीमीटरमध्ये कागदावर आला का? ‘कोपराच्या घडीपासून ९ सेंटीमीटर वर’ अशी नोंद असेल, तरच सहा महिन्यांनी दुसरा तपासनीस त्याच जागी पोहोचेल. वाढत्या मुलात मात्र अंतर पुन्हा मोजून तेच प्रमाण धरा, जुना आकडा नव्हे.

## टप्पा ५: प्रोब धरण्याची पद्धत

जेल भरपूर घ्या. प्रोब आणि त्वचा यांच्यामध्ये जेलचा काळा थर स्क्रीनवर दिसत राहिला पाहिजे. तो थर दिसतो आहे, याचा अर्थ तुम्ही दाब देत नाही. थर नाहीसा झाला की स्नायू दबला, मग जाडीचे माप बाद.

प्रोब त्वचेला काटकोनात ठेवून भागत नाही, तो स्नायूला काटकोनात हवा. हे ओळखण्याची खूण सोपी आहे: प्रोब हळूहळू पुढे-मागे कलवा आणि खालचे हाड किंवा खोल फॅसिआ (स्नायूभोवतीचे तंतुमय आवरण) सर्वांत ठळक पांढरी दिसेल त्या कोनावर थांबा. तोच बरोबर कोन. थोडाही कलला तरी परतणाऱ्या लहरी प्रोबपर्यंत येत नाहीत, स्नायू खोटा काळा दिसतो आणि आजार निसटतो. नवशिक्यांकडून ड्यूशेनच्या (मुलांचे स्नायू झिजत जाण्याच्या जनुकीय आजाराच्या) मुलाचा स्नायू ‘ठीक’ ठरतो, त्यामागे बरेचदा हेच असते.

## टप्पा ६: चित्रे घ्या

प्रत्येक जागी आधी आडवा छेद, मग उभा. मोजमाप आडव्या छेदात. प्रोब पूर्ण उचलून पुन्हा ठेवत, तीन वेगळी चित्रे घ्या. प्रोब जागीच ठेवून तीनदा फ्रीज दाबले तर एकच चूक तीनदा नोंदली जाते.

चित्रे मूळ डायकॉम स्वरूपात (वैद्यकीय चित्रांच्या प्रमाणित फाइल-प्रकारात) साठवा. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो आकडेमोडीला चालत नाही, मग तो कितीही स्पष्ट असो.

## टप्पा ७: आधी हाडाची रेषा बघा

१९८२ साली लंडनमधल्या हेकमाट, लीमन आणि डुबोविट्झ यांनी मांडलेली चार पायऱ्यांची श्रेणी आजही पहिल्या वाचनाला पुरते:

- पायरी १: स्नायू काळपट, हाडाची रेषा ठसठशीत. सामान्य.
- पायरी २: स्नायू पांढरा, पण हाडाची रेषा स्पष्ट.
- पायरी ३: स्नायू खूप पांढरा, हाडाची रेषा फिकी.
- पायरी ४: स्नायू पांढराशुभ्र, हाड दिसतच नाही.

हाडावर भर का? स्नायूतली चरबी आणि तंतुमय ऊती लहरींना वाटेतच परतवते आणि विखुरते, हाडापर्यंत फार थोडे पोहोचते. गेन चुकून वाढला असेल तर स्नायू आणि हाड दोन्ही उजळतात. आजार वाढलेला असेल तर स्नायू उजळतो आणि हाड विझते.

ही श्रेणी दंड आणि मांडीत चांगली चालते, कारण तिथे स्नायूखाली थेट हाड आहे. पोटरीत तसे नाही. टिबिआलिस अँटिरिअरखाली बराच भाग दोन हाडांमधल्या पडद्याचा असतो. तिथे ‘हाड दिसत नाही’ म्हणून पायरी ४ देणे ही नेहमीची चूक आहे. लठ्ठ रुग्णात त्वचेखालची चरबीही लहरी खाते. हाड फिके आहे पण स्नायू फारसा पांढरा नाही, असे असेल तर दोष चरबीच्या थराचा धरा.

## टप्पा ८: पांढरेपणा आकड्यात मोजा

डोळ्यांनी दिलेली पायरी दोन तपासनिसांची वेगवेगळी येते, पहिल्या आणि दुसऱ्या पायरीत तर सर्रास. म्हणून चित्रातल्या करड्या छटांची सरासरी काढा. ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे होते.

१. स्नायूचा शक्य तितका मोठा भाग रेखा, पण फॅसिआ आणि हाड बाहेर ठेवा. फॅसिआची एक रेघ आत आली तरी सरासरी वर चढते.
२. तिन्ही चित्रांची सरासरी घ्या. त्यात मोठी तफावत असेल तर प्रोबचा कोन चुकला आहे. चित्रे पुन्हा घ्या.
३. त्याच यंत्रावर, त्याच मांडणीत घेतलेल्या निरोगी लोकांच्या आकड्यांशी तुलना करा. वय आणि लिंग जुळले पाहिजे.
४. झेड-स्कोअर काढा: मोजलेला आकडा वजा अपेक्षित आकडा, भागिले प्रमाण विचलन. उदाहरणार्थ, अपेक्षित ५०, विचलन ८ आणि मोजलेला ७४ असेल, तर झेड-स्कोअर ३. दोनच्या वर गेला की असामान्य.

सावधान: दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरचे छापील आकडे उचलून आपल्या रुग्णाला लावू नका. आपल्या विभागात निरोगी स्वयंसेवकांचे, वयोगटवार, आपले आकडे जमवा. ते जमेपर्यंत हेकमाटची पायरी लिहा आणि आकड्याचा मोह टाळा.

जाडीही मोजा, पण एकट्या जाडीवर निदान करू नका. ड्यूशेनमध्ये पोटरी जाड भरते आणि आतून खराब असते. उलट, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत स्नायू बारीक होतो पण पांढरेपणा जवळपास सामान्य राहतो.

## टप्पा ९: नमुना ओळखा

किती पांढरा, यानंतर प्रश्न येतो कसा पांढरा आणि कुठे पांढरा. निदानाची दिशा इथे मिळते.

एकसारखा, बारीक कणांचा पांढरेपणा, दुधी काचेतून बघावे तसा, खाली हाड विझलेले: स्नायूंचा अपविकास, विशेषतः ड्यूशेन. पण दोन-तीन वर्षांखालच्या मुलात चित्र जवळपास सामान्य असू शकते. सीके (स्नायू झिजला की रक्तात वाढणारे एन्झाइम) प्रचंड वाढलेले आणि सोनोग्राफी सामान्य, अशा मुलाला घरी पाठवू नका; जनुकीय तपासणीला पाठवा.

ठिगळांसारखा, असमान पांढरेपणा, कसर लागलेल्या कापडासारखा, शिवाय स्नायू बारीक: मज्जातंतूंचा आजार. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफीच्या (मज्जारज्जूतल्या चेतापेशी मरून स्नायू सुकण्याच्या आजाराच्या) बाळात त्वचेखालची चरबी जाड आणि स्नायूचा थर पातळ, असे प्रमाण उलटलेले दिसते.

स्नायू पांढरा, तरीही खालचे हाड लख्ख: सूज असण्याची शक्यता. डर्मॅटोमायोसायटिसच्या (त्वचा आणि स्नायूंच्या दाहाच्या) सुरुवातीला असे दिसते. लहान मुलांच्या डर्मॅटोमायोसायटिसमध्ये पुढे कॅल्शिअमचे खडे होतात. ते चमकदार ठिपके आणि त्यांच्यामागच्या काळ्या सावलीवरून ओळखू येतात. मात्र ताज्या दाहात सोनोग्राफी सामान्यही येते. सूज पकडण्यात एमआरआय सरस आहे. संशय असेल तर सामान्य सोनोग्राफीवर थांबू नका.

शेजारी-शेजारी, एक स्नायू पांढरा आणि एक काळा: या नमुन्याला सर्वांत जास्त किंमत आहे, आणि घाईत तोच निसटतो. पन्नाशीच्या आसपास किंवा पुढच्या रुग्णाची बोटे मुठीत मिटत नसतील, तर पुढच्या हाताची करंगळीकडची बाजू आडव्या छेदात बघा. बोटे मिटवणारा खोलचा फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस पांढरा आणि त्याच्या वरचा फ्लेक्सर कार्पी अल्नारिस काळा असेल, तर इन्क्लूजन बॉडी मायोसायटिसचा (स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या स्नायूविकाराचा) विचार करा. पॉलिमायोसायटिस (स्टेरॉइडने आटोक्यात येणारा स्नायूंचा दाह) समजून महिनोन्‌महिने स्टेरॉइड दिले जाते, ते या एका छेदाने थांबू शकते.

तरुण माणसाचे पाऊल लोंबते, टिबिआलिस अँटिरिअर पांढरा आहे आणि मांडीचा क्वाड्रिसेप्स मात्र काळा, निरोगी आहे: जीएनई मायोपथी (जीएनई जनुकातल्या दोषाचा स्नायूविकार) डोक्यात आणा. भारतीय रुग्णांत, विशेषतः राजस्थानी मुळाच्या कुटुंबांत, या जनुकातला एक ठरावीक बदल वारंवार सापडतो. अग्रवाल समाजातल्या रुग्णांत कॅल्पेन-३ जनुकाच्या दोषामुळे होणारा लिंब-गर्डल (खांदे आणि कमरेभोवतीचे स्नायू झिजणारा) प्रकार असाच परिचयाचा आहे. त्यात मांडीची मागची बाजू आणि अ‍ॅडक्टर आधी खराब होतात, म्हणून फक्त पुढची मांडी बघून तपासणी संपवू नका. रुग्णाचा समाज, गाव, आई-वडिलांचे नाते या गोष्टी संकोच न करता, सन्मानाने विचारा.

रेक्टस फिमोरिसच्या आडव्या छेदात मध्यभागीच पांढरा पट्टा आणि कडेचा भाग बरा, असे दिसले तर कोलॅजेन-६ चे आजार, म्हणजे बेथलेम आणि उलरिच, तपासा.

हे नमुने दिशा दाखवतात, शिक्कामोर्तब करत नाहीत. आजार फार पुढे गेला की सगळेच स्नायू सारखेच पांढरे होतात. अशा वेळी सर्वांत कमी खराब झालेला स्नायू शोधा. नमुना तिथे टिकलेला असतो. आणि चयापचयाच्या किंवा मायटोकॉन्ड्रियाच्या आजारांत चित्र बहुधा सामान्य असते.

## टप्पा १०: हलता स्नायू बघा

फॅसिक्युलेशन म्हणजे स्नायूच्या एका छोट्या भागाचा अचानक, क्षणिक, अनियमित झटका. प्रोब स्थिर धरून दर स्नायूला किमान ३० सेकंद बघा आणि व्हिडिओ साठवा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे, खोलचे झटके इथे दिसतात. एएलएसच्या (हालचाल चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजाराच्या) संशयात हा भाग टाळू नका.

गल्लत कशाशी होते? धमनीच्या ठोक्याशी (तो नियमित असतो, रक्तप्रवाह दाखवणारा डॉपलर लावून खात्री करा), श्वासाच्या हालचालीशी, आणि थंडीने आलेल्या कंपाशी. खोली उबदार ठेवा.

श्वास अपुरा पडत असेल, तर श्वासपटलही मोजा. बगलेच्या पुढच्या रेषेवर आठव्या-नवव्या फासळीच्या फटीत लिनिअर प्रोब ठेवा. दोन पांढऱ्या रेघांमधला काळा पट्टा म्हणजे श्वासपटल. पूर्ण श्वास सोडल्यावरची आणि पूर्ण भरल्यावरची जाडी घ्या. वाढ भागिले सोडल्यावरची जाडी, गुणिले १००. ही वाढ २० टक्क्यांच्या खाली असेल तर श्वासपटल लुळे पडल्याची शंका घ्या. माप घेताना पांढऱ्या रेघा धरू नका.

## टप्पा ११: बायोप्सीची जागा

बायोप्सी लागणार असेल, तर मध्यम खराब स्नायू निवडा, पायरी २ किंवा ३ चा. पायरी ४ च्या स्नायूतून फक्त चरबी हाती लागते, आणि पायरी १ मधून निष्कर्ष निघत नाही. जिथे नुकतीच ईएमजीची सुई गेली, ती जागा टाळा. सर्जनसाठी त्वचेवर न पुसणाऱ्या पेनने खूण करा आणि खोली मिलिमीटरमध्ये लिहून द्या.

## टप्पा १२: अहवाल

यंत्र, प्रोब, फ्रिक्वेन्सी, डेप्थ आणि प्रीसेटचे नाव. रुग्णाची स्थिती. प्रत्येक स्नायूची जागा सेंटीमीटरमध्ये, डावी-उजवी वेगळी. हेकमाटची पायरी, जाडी, आणि आपले आकडे असतील तरच झेड-स्कोअर. नमुना एकसारखा की ठिगळांचा. आजारातून बचावलेले, निरोगी स्नायू नावानिशी. ‘बाकी सामान्य’ असे लिहिले की निदानाची अर्धी माहिती गेली. फॅसिक्युलेशन किती स्नायूंत आणि किती सेकंदांत.

शेवटी एक ओळ अभिप्रायाची: ‘स्नायूविकाराशी सुसंगत’, ‘मज्जातंतूविकाराशी सुसंगत’ किंवा ‘सामान्य; आजार नाकारता येत नाही’. आजाराचे नाव अहवालात ठोकून देऊ नका. सीके, ईएमजी आणि जनुकीय तपासणी हाताशी असलेल्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते ठरवू द्या. फेरतपासणी असेल, तर मागचा अहवाल उघडून, त्याच यंत्रावर, त्याच प्रीसेटने, पुन्हा टप्पा २ पासून सुरुवात करा.